मेसवाल्या काकूचं खुलं पत्र, पुण्यात मुलं ठेवलेल्या आईबाबांना

पुण्यात मुलं शिकायला ठेवलेल्या समस्त आईबाबांनो, नमस्कार.

मी धनकवडीत मेस चालवते, यंदा एकोणीस वर्षं होतील. सुरुवात अकरा पोरांवर केली, आता दोन्ही वेळचे धरून सव्वाशेच्या आसपास असतात, त्यातली निम्मी इंजिनियरिंगची, बाकी फार्मसी, लॉ, बीसीएस, थोडी एमपीएससीवाली. लातूर, बीड, जळगाव, अमरावती, सोलापूर, सांगली, सगळीकडची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी एकदाच भेटलेय, ऑगस्टमध्ये, जेव्हा तुम्ही गादी, बादली आणि लाडवाचा डबा घेऊन येता आणि दारातच विचारता काकू तेल कुठलं वापरता, पोळी गव्हाचीच ना, आणि ह्याला वांगं चालत नाही बरं का. मी हो हो म्हणते. (वांगं तीन महिन्यांत खायला लागतो. सगळेच लागतात.)

लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात तुमच्यासारख्याच एका बाबांचा फोन आला, रात्री साडेदहाला, मी भांडी आवरून नुकती टेकले होते. म्हणाले काकू तुम्हीच सांगा आम्ही काय कमी केलं, लॅपटॉप दिला, सिंगल रूम दिली, पैसे वेळेवर, रोज दोनदा फोन, आणि आता पोरगा सांगतोय की मी वर्षभर कॉलेजला गेलोच नाही. मला उत्तर देता येईना. म्हणजे येत होतं, पण फोनवर रडणाऱ्या माणसाला काय बोलायचं. म्हणून आता सगळ्यांना मिळून लिहितेय. बोललं की आपोआप टाईप होतं ते बटण पोरींनी शिकवलंय, त्यामुळं कुठं पूर्णविराम राहिला, वाक्य लांबलं तर चालवून घ्या.

आधी खाड्याचं सांगते. ज्यांनी मेसचं खाल्लंय त्यांना माहितीये, हे बाकीच्यांसाठी. पोरगं जेवायला आलं नाही की वहीत त्याच्या नावापुढं खाडा पडतो, आधी सांगून सलग तीन दिवसांच्या वर गेलं तर पैसे वजा होतात, न सांगता गेलं तर नाही. हिशोबाची वही आहे ती, बाकी काही नाही. पण एवढ्या वर्षांत मला ती पत्रिकेसारखी वाचता यायला लागलीये. शनिवार-रविवारचे खाडे म्हणजे घरी गेलाय नाहीतर सिंहगडावर. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांचेच पडतात, जर्नल लिहीत बसतात आणि वडापाववर काढतात, त्याचं काही नाही. पण मंगळवारी रात्री खाडा, बुधवारी दुपारी खाडा, गुरुवारी येतो तो पावणेदहाला मी पातेली उचलायला लागल्यावर, एकटा, कानात हेडफोन, दोन पोळ्या खातो, तिसरी नको म्हणतो, शुक्रवारी परत खाडा, असं दोन-तीन आठवडे चाललं की समजायचं काहीतरी बिनसलंय. आणि अजून एक, तो भाजीला नावं ठेवायची बंद करतो. तुम्हाला वाटेल हे तर चांगलंच की. नाही हो. जे पोरगं 'काकू आज परत दुधी?' म्हणून माझ्याशी भांडतं ते व्यवस्थित आहे, ताटात काय वाढलंय हेच ज्याला कळत नाही त्याची मला काळजी वाटते.

आणि त्याच पोराला त्याच गुरुवारी तुमचा फोन येतो. मी समोरच असते, ऐकू येतं. जेवलास का? हो. काय होतं? भाजी-पोळी. अभ्यास? चाललाय. बरं ठेव मग. चाळीस सेकंदांत संपलं, तुम्ही तिकडं निवांत झोपता आणि तो इकडं अर्धी पोळी ताटात सोडून उठतो.

जेवलास का विचारू नका असं कोण म्हणतंय, आपल्याकडं माया दाखवायची तीच रीत आहे, मी पण माझ्या माहेरी फोन केला की पहिलं तेच विचारते. पण त्याचं उत्तर 'हो' सोडून दुसरं येतच नाही ना. मी आपली एक वेगळा प्रश्न विचारते, आज कुणाबरोबर जेवलास? ह्याला हो-नाही चालत नाही, नाव सांगावं लागतं. ऑगस्टमध्ये नावं नसतात, 'असंच, एकटा' एवढंच. दसऱ्यापर्यंत दोन-तीन नावं यायला लागतात, तो परभणीचा ओंकार नाहीतर ती शेजारच्या रूममधली, आणि ती नावं यायला लागली की तुमची निम्मी काळजी मिटली समजा. यायला लागलेली नावं परत बंद झाली तर मात्र लक्ष द्या, काय झालं म्हणून लगेच खोदू नका, पण लक्ष द्या.

आमचे आजोबा कोल्हापुरात शिकले ते वार लावून. सोमवारी ह्यांच्याकडं, मंगळवारी त्यांच्याकडं, सात दिवस सात घरं. मिंधेपणा होता त्यात, ते सांगायचे की काही घरी पानात काय पडेल आणि कुठल्या शब्दाबरोबर पडेल सांगता यायचं नाही, आणि वार मिळायचा तोसुद्धा जात बघूनच. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली ती काय उगीच नाही. इथं पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीचं वसतिगृहाचं काम १९५५ पासून चालू आहे, खेड्यातली किती पोरं तिथून उभी राहिली. तर जुनं सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाहीच. एवढंच की त्या वारात रोज एक मोठं माणूस पोराचं तोंड बघत होतं. आता तुमच्या पोराची सिंगल रूम, जेवण मोबाईलवरून मागवलेलं, लेक्चर यूट्यूबवर, आठ दिवस कुणी तोंड बघितलं नाही तरी सगळं सुरळीत चालू राहतं. सिंगल रूम देताना तुम्हाला वाटतं अभ्यास चांगला होईल. पहिल्या वर्षाला देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, भांडू देत, रूममेटचा पंखा कितीवर ठेवायचा ह्यावरून भांडण होतं तेवढं होऊ देत.

आता माझ्या स्वतःच्या घरचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल काकू लोकांनाच शिकवतायत.

माझा मुलगा इंजिनियरिंगला चेन्नईला होता. मी इथं शंभर पोरांना रोज 'काय रे तोंड का उतरलंय' विचारणारी बाई, आणि माझा तिकडं. पहिल्या वर्षी त्यानं फोन केला, म्हणाला आई गणिताच्या पहिल्या परीक्षेत तीसपैकी नऊ पडले. मी तेव्हा कणिक मळत होते, गॅस संपत आलेला, कामाची बाई आली नव्हती, आणि माझ्या तोंडून काय गेलं माहितीये? म्हणलं, इथं शंभर लोकांच्या पोरांच्या पोळ्या लाटते मी तुझ्या फीसाठी, आणि तू नऊ आणतोस? एवढंच. पाच सेकंदांचं बोलणं. मी संध्याकाळपर्यंत विसरूनसुद्धा गेले.

तो नाही विसरला. त्यानंतर दीड वर्ष त्यानं मला एकही वाईट बातमी सांगितली नाही. रिझल्ट काय लागला, चांगला लागला. मार्कशीट, अजून आली नाही. सुट्टीत घरी येऊन माझ्याबरोबर पोळ्या लाटायचा, हसायचा, आणि त्याच्या चार विषयांच्या केट्या राहिलेल्या होत्या. मला कळलं ते कॉलेजकडून हजेरीचं पत्र आलं तेव्हा. एका मिनिटात माझ्या डोक्यात ते नऊ मार्क आणि ती कणकेची परात आली, विश्वास ठेवा.

आईबाबांनो, मला एवढंच सांगायचंय आणि बाकी सगळं ह्याच्याभोवतीच आहे. पोरगं पहिल्यांदा तुम्हाला एखादी छोटी वाईट बातमी सांगतं ना, नऊ मार्क, हरवलेला मोबाईल, हजेरीच्या यादीत आलेलं नाव, रूममेटशी मारामारी, तेव्हा त्याला त्या बातमीचं काही पडलेलं नसतं, तो चाचपून बघत असतो की ह्यांना सांगितलं तर काय होतं. तुम्ही त्या दिवशी जसे वागाल त्यावर पुढची मोठी बातमी तुमच्यापर्यंत येणार की नाही ते ठरतं. त्या दिवशी दात ओठ खाऊन गप्प बसा, 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणा, आणि जेवून झोप म्हणा. चिडायचं असेल तर फोन ठेवल्यावर बायकोवर चिडा, नवऱ्यावर चिडा, तुमचं लग्न एवढं सहन करेल. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा आता काय करायचं ठरवलंयस.

मी तेव्हा चेन्नईची गाडी पकडली. वीसेक तास लागतात. वाटेत डोक्यात सगळी वाक्यं तयार केली होती, असं बोलेन, तसं बोलेन, आणि त्याची रूम उघडल्यावर एक पण आठवेना. खिडकी बंद, कपड्यांचा ढीग, आणि टेबलावर तीन दिवसांपूर्वीचा लेमन राईस. म्हणजे ह्याचे पण खाडे चालू होते आणि वही ठेवणारं कोणी नव्हतं. मी काहीच बोलले नाही, शहाणपणा म्हणून नाही, घसाच दाटला होता. रूम झाडली, कपडे धुतले, त्याला भात-आमटी करून घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो आपणहून बोलायला लागला आणि दोन तास बोलत होता, मी मध्ये एकदाच बोलले, ते पण चहाचे पैसे किती म्हणून. पुढं तो डॉक्टरकडं गेला, कॉलेजच्या काउन्सेलरकडं गेला, डिग्रीला चारच्या जागी साडेपाच वर्षं लागली. आता इथंच एका लहानशा कंपनीत आहे. नातेवाईक अजून विचारतात पॅकेज किती. मी सांगते दोन्ही वेळ जेवतो.

बरं, लपवायला पोरं कुठून शिकतात ते पण बघा. माझ्याकडं एक मुलगी होती, विदर्भातली, तिची आजी वारली तेव्हा तिची परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी बारा दिवस सांगितलंच नाही. तिला कळलं ते चुलत बहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून. आजीनंच वाढवलेलं तिला. आईबापांचा हेतू चांगलाच होता, पोरीचं वर्ष जाऊ नये, पण ती मला काय म्हणाली सांगते, म्हणाली काकू, आता घरून 'सगळं बरंय' असं आलं तरी मला खरं वाटत नाही. वडलांचं ऑपरेशन, शेताचा लिलाव, दादाचं मोडलेलं लग्न, तुम्ही सगळं 'तिला कशाला टेन्शन' म्हणून झाकून ठेवता आणि मग अपेक्षा करता की तिनं तिच्याकडचं सगळं तुम्हाला उघडं करून सांगावं. सांगत जा हो. रडवेलं करून नको, कर्जाचा आकडा रोज ऐकवून नको, पण घरात काय चाललंय ते वयात आलेल्या माणसाला कळायला पाहिजे.

पैशाचं. मी महिन्याला बत्तीसशे घेते, पाच तारखेपर्यंत. काही पोरं पाच तारीख आली की माझी नजर चुकवायला लागतात. त्यातल्या निम्म्यांच्या घरी खरंच अडचण असते, ते मला समजतं, मी थांबते. पण उरलेल्यांच्या घरी पैसे असतात, फक्त प्रत्येक वेळी मागावे लागतात आणि मागितले की 'परवाच तर टाकले होते, कशात गेले?' असं ऐकावं लागतं, मग पोरगं एक वेळचं जेवण बंद करतं पण फोन करत नाही. त्यापेक्षा एक आकडा ठरवा, एक तारीख ठरवा, त्या तारखेला जीपे करा आणि हिशोब मागू नका. चुकेल, पहिल्या महिन्यात दहा दिवसांत संपवेल, दुसऱ्या महिन्यात शिकेल. आणि ज्यांच्याकडं खरंच ओढाताण आहे त्यांनी पोरांना खर्च कमी कर सांगण्याआधी सरकारी योजना बघा, अनुसूचित जातीच्या ज्या पोरांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, मुलींना २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर बऱ्याच प्रोफेशनल कोर्सची फी माफ आहे, त्याला प्रवर्गाच्या अटी आहेत त्या कॉलेजात जाऊन विचारा. हे फॉर्म भरायला आणि दाखले गोळा करायला तुम्ही तिकडून मदत करा, तहसील कार्यालयात खेटे घालायला तुम्ही तिथं आहात, पोरगं इथं आहे. हजार फोनांपेक्षा उत्पन्नाचा एक दाखला वेळेत काढून पाठवलात तर पोराची रात्रीची झोप सुधारते, हे मी अनुभवानं सांगते.

आता लोकेशन. काही आईबाबा फोनमध्ये लोकेशन बघत बसतात, रात्री साडेअकराला कात्रजला काय करतोस? चहा पितोय हो तो, अख्खं कॉलेज तिथं चहा पितंय. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका, व्हिडीओ कॉल लावून रूम फिरवून दाखव, कोण बसलंय दाखव. काही जण माझ्याकडून पण बातमी काढायला बघतात, काकू ती कुणाबरोबर येते हो जेवायला? मी सांगत नाही. स्पष्ट सांगते, सांगणार नाही, कारण मी एकदा सांगितलं तर ती माझ्याकडं जेवायची बंद होईल आणि मग तिला बघणारं जे एक माणूस आहे ते पण जाईल. रूममेटला हेर करू नका, त्या बिचाऱ्याची पण परीक्षा असते. त्यापेक्षा रूममेटच्या आईशी ओळख ठेवा, एकमेकींचे नंबर असू द्या, आजारपणात उपयोगी पडतात. मुलगी खूप दिवस आली नाही म्हणून जीव तुटत असेल तर बोलवा की, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे. आणि आली की पहिले दोन दिवस झोपू द्या तिला. काकाकडं चल, मामाकडं चल, नाक्यावरच्या काकूंना सांग किती टक्के पडले, ही वरात काढू नका. दिवाळीला घरी गेलेली किती पोरं पाडव्यालाच परत येतात, मला म्हणतात काकू अभ्यास होता. अभ्यास कसला, प्रश्न संपत नाहीत घरचे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या नसांच्या आजाराचे, पेशंट निघायला लागले होते तेव्हाची गोष्ट. पाण्यातून होतंय म्हणून बातम्या, आणि माझा फोन दिवसभर. मी पाणी उकळून ठेवायला लागले, कच्ची कोशिंबीर बंद केली, पोरांना पण सांगितलं बाहेरची पाणीपुरी काही दिवस विसरा. तेव्हा मला सगळे पालक दिसले बघा. एकानं पोराला दिवसात पंधरा व्हिडीओ पाठवले, सगळे भीतीचे. एकीनं सांगितलं आत्ताच्या आत्ता बॅग भर, पोरगं प्रॅक्टिकल सोडून गेलं आणि नंतर त्याचं ते निस्तरायला महिना गेला. आणि जळगावच्या एका वडलांनी पोराला एवढंच विचारलं, तू पाणी कुठलं पितोस? आणि दुसऱ्या दिवशी कुरियरनं एक इलेक्ट्रिक किटली पाठवली. ती किटली अजून त्या मजल्यावर फिरतेय, मॅगी करतात तिच्यात.

आता जरा अवघड विषय, पण टाळून चालणार नाही. माझ्याकडं लॉ करणाऱ्या एका पोरीनं मला वाचून दाखवलं, २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले, १,७६४. त्या दिवशी माझ्याच्यानं जेवण गेलं नाही. तर तुमचं पोरगं कधी असं बोललं की मी ओझं झालोय, मी नसलेलोच बरा, नाहीतर एकदम शांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर 'असं अभद्र बोलू नये' म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, बाळा तुझ्या मनात मरायचे विचार येतायत का? विचारल्यानं ते डोक्यात शिरतं असं आपल्याला वाटतं, तसं नसतं, डॉक्टर लोक पण सांगतात की उलट पोराला सुटल्यासारखं होतं की कुणीतरी विचारलं एकदाचं. आणि मग फोनवर समजावत बसू नका, त्याला एकटं न ठेवता कुणाला तरी जवळ बसवा आणि मिळेल ती गाडी पकडून या. शेतात काम असेल, ऑफिसात इन्स्पेक्शन असेल, येऊ द्या. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, पोरांनी फोन करायचा तसा तुम्ही पण करू शकता, पोराशी काय बोलावं सुचत नसेल तर. नंबर आत्ताच सेव्ह करा, नंतर नको.

आणि पोरगं काउन्सेलरकडं जायला लागलं तर 'आपल्या घरात असलं काही नाही' हे वाक्य गिळा. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की जिथं १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथं निदान एक शिकलेला काउन्सेलर नाहीतर मानसतज्ज्ञ पाहिजे. तुमच्या पोराच्या कॉलेजात आहे का, कुठल्या खोलीत बसतात, कधी बसतात, हे ॲडमिशनच्या दिवशी विचारा. तुम्ही प्लेसमेंटचं विचारता, एसी आहे का विचारता, हे एकजण विचारत नाही. आणि काउन्सेलरला फोन करून 'आमचा पोरगा काय म्हणाला' विचारू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं ते गुपित ठेवायचं असतं, अठराच्या पुढचं पोरगं असलं की त्याच्या मर्जीशिवाय ते सांगत नाहीत, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या मुलाच्या वेळी मी पण केला होता फोन. त्या बाईंनी गोड बोलून मला काहीच सांगितलं नाही, तेव्हा फार राग आला होता, आता वाटतं बरं झालं.

शेवटचं, रविवारचं. पुण्यात मेसची एक जुनी पद्धत आहे, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. आम्हाला पण एक संध्याकाळ पाहिजे ना. तर रविवारी संध्याकाळी सहा-सातनंतर ह्या भागात एक विचित्र शांतता येते, ज्यांचे मित्र आहेत ते टोळक्यानं बाहेर जातात आणि ज्यांचे नाहीत ते रूममध्ये बिस्किटाचा पुडा फोडतात. सोमवारचं कॉलेज समोर दिसत असतं, घरी ह्या वेळेला काय चाललं असेल ते आठवत असतं. तुम्ही फोन करता सकाळी कामाला जाता जाता, नाहीतर रात्री सिरियल संपल्यावर. आठवड्यात एकच निवांत फोन करायचा असेल तर रविवारी संध्याकाळी करा. अभ्यासाचं काढू नका. गोठ्यातल्या म्हशीचं सांगा, शेजारच्यांचं भांडण सांगा, आज काय केलंय ते सांगा आणि त्याला पाणी सुटू द्या तोंडाला. तो गप्प राहिला तर तुम्ही पण राहा थोडं, ठेव म्हणू नका लगेच.

आज पण रविवारच आहे. मेस बंद, पण खाली ओट्यावर चौघंजण येऊन बसलेत, बंद आहे हे त्यांना चांगलं माहितीये. त्यातला एक तोच, मंगळवार-बुधवारच्या खाड्यांवाला. मी पिठलं टाकलंय. आत्ता त्याचा फोन वाजला, 'आई' असं दिसलं स्क्रीनवर, आणि तो उठून जिन्याकडं गेलाय बोलायला. पाच मिनिटं झाली, अजून आला नाही. भाकऱ्या थापायला घेते, पिठलं गार झालं तर परत गरम करता येतं.

तुमची,
धनकवडीची मेसवाली काकू